अकराव्यांदा

दहा वेळा उघडायचा, दहा वेळा मिटायचा,
कानाजवळ धरून ऐकायचं,
मग तेलकट कागद, मग डबी.
मानियागोच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर
एकोणीस वर्षं हेच.
माझ्या तर्जनीखालून किती चाकू गेले, मोजले नाहीत.
सगळे कोरे करकरीत, सगळे परक्याचं धन.

हा मात्र नापास झाला.
मिटताना पातं मधोमध बसेना,
डाव्या अंगाला केसभर कलायचं.
एर्मेस म्हणाला, घरी घेऊन जा, नीवेस,
भंगारात टाकण्यापेक्षा.
मी त्याच्या टेबलावर एक नाणं ठेवलं.
फुकटच्या चाकूनं मैत्री तुटते, म्हणतात आमच्याकडे.
त्यानं ते कॉफीच्या यंत्रात घातलं असणार.

रात्री स्वयंपाकघरात बसले.
पात्याच्या पाठीला चिमुकलं शेपूट असतं,
त्यावर बोट दाबायचं.
आत खळीत एक गोळी बसलेली असते,
ती आधी अडते,
अडते,
मग सोडते. खट्.
दहा झाले
आणि हात आपोआप डबीकडे गेला.
डबी नव्हती.

अकराव्यांदा उघडला तेव्हा
चोरी केल्यासारखं वाटलं.

मग शंभर. मग मोजणं सुटलं.
बोटाला आधी लाली, मग फोड, मग घट्टा.
मांजर उठून गेलं.
जेलिंदो टीव्हीचा आवाज वाढवत राहिला
आणि शेवटी आमचाच खटका उडाला:
दिवसभर हेच करतेस ना तिकडे?
तिकडे मी तपासते, मी म्हटलं.
मग इकडे काय करतेस?
घडी मोडतेय, म्हणायचं होतं,
कोऱ्या कापडाची मोडतात तशी.
म्हटलं नाही. खट्.

रविवारी सासूबाईंकडे पोलेंता.
फळीवर पिवळा डोंगर, वाफाळता.
मी खिशातून चाकू काढला.
त्यांनी नुसतं पाहिलं,
एप्रनमधून दोरा काढला
आणि डोंगराच्या पायथ्याशी सारून सरळ वर ओढला.
पोलेंताला लोखंड सोसत नाही, म्हणाल्या.
मी चाकू मिटला.
तोही, का कोण जाणे, आवाज न करता मिटला.

मार्चमध्ये लिवियो भाऊजींच्या उतारावर
द्राक्षवेली बांधायला गेलो.
एका हातात वेल, दुसऱ्यात वाळुंजाची ओली काडी,
पीळ द्यायचा, उरलेलं टोक छाटायचं.
सकाळच्या थंडीत चाकू कुरकुरला.
दुपारपर्यंत आत चीक गेला, माती गेली,
आवाज जाडसर झाला.
कारखान्यात असा आवाज आला असता
तर मीच लाल चिठ्ठी लावली असती.

तेराव्या रांगेत केव्हातरी
वेल निसटायला लागली, मी हात पुढे केला,
तर पातं उघडंच होतं.
कधी उघडलं, ठाऊक नाही.
बोटानं मला विचारलं नव्हतं.

त्या रात्री सगळा खोलला. पेचकस, रॉकेल, जुना दातांचा ब्रश.
बेअरिंगच्या गोळ्या, मोहरीहून लहान,
त्यातली एक घरंगळत फरशीच्या फटीत गेली.
शोधली थोडी. मग राहू दिली.
एक कमी असली तरी फिरतो.
आतल्या पोलादावर, डाव्या बाजूला
एक चकचकीत रेघ उमटली होती.
नख फिरवून पाहिलं.
पात्यानं कललेलंच राहून
आपल्यापुरती जागा करून घेतली होती.

सोमवारी टेबलावर चाळीस नवे.
किती मोठ्यानं बोलतात हे सगळे, एका सुरात.
दहा वेळा. कागद. डबी.
दहा वेळा. कागद. डबी.
तिसऱ्याला अकरा झाले.

एर्मेसनं मान वर केली.
मी तो मिटला, पुसला,
आणि ज्याचा कुणाचा असेल
त्याची मनात माफी मागून
डबीत ठेवला.